भागुजीचा मोठा तवा

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तो हिरवी मिरची ठेवायचा.

ताणलेली तार दिसली, मग ती कुंपणाची असो की कपडे वाळत घालायची, एका बोटानं छेडून बघायचा. मान तिरकी करून ऐकायचा.

परक्या गावात एसटीतून उतरला की आधी नाक वर करायचा. कुठल्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय कुणाला पत्ता विचारायचा नाही.

भाकरीचा पहिला तुकडा कोरडाच खायचा.

आणि पंगतीत वाढपी समोर आला की ताटावर हात आडवा धरायचा. वाढप्याला वाटायचं, नको म्हणतोय. मग भागुजी हसून म्हणायचा, "द्या इकडं, मी घेतो." पळी स्वतःच्या हातात घ्यायचा, हवं तेवढं वाढून घ्यायचा, पळी परत करायचा. लोकांना ती त्याची लहर वाटायची.

लहर नव्हती ती. महाळुंगे पडवळला ओढ्यापलीकडे त्याचं घर. छप्पन सालानंतर आजोबांनी दीक्षा घेतली, घरात बुद्धाची तसबीर आली, जुने देव गेले. गावजेवणातली जागा मात्र लवकर बदलली नाही. भागुजी लहान असताना जत्रेला आमटी-भाकरीचं जेवण झालं. त्यांची पंगत पार कडेला, चिंचेखाली. वाढणाऱ्यानं पळी उंच धरून आमटी सोडली. ती ताटात पडली, उडाली आणि भागुजीचं मनगट भाजलं. वाढणारा वाईट माणूस नव्हता. सगळ्यांना हसून वाढत होता. फक्त हात खाली आणत नव्हता.

मनगटावरचा डाग पुढे फिका झाला. हात आडवा धरायची सवय राहिली.

नव्वद सालानंतर खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहू लागल्या, तेव्हा भागुजी तिथे कामाला लागला. लोखंडी सांगाड्यावर बारीक तारांची जाळी ताणायची. घरापेक्षा मोठी एकेक थाळी, आभाळाकडे तोंड करून ठेवलेली. दुपारच्या सुट्टीत बाकीचे सावली धरून बसत. भागुजी वरच थांबायचा. खाली टोमॅटोचे मळे, लांब नारायणगडाचा डोंगर, आणि वाऱ्यानं तारा गुणगुणायच्या. साहेबांनी सांगितलं होतं की इथे फार लांबचं ऐकू येणार आहे. भागुजीला ते लगेच पटलं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज नसतोच असं थोडंच आहे.

एकदा त्यानं रत्नाला, बायकोला, दुर्बीण दाखवायला नेलं. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"एवढी मोठी परात," ती म्हणाली, "आन् वाढणार कोण?"

दुर्बिणींचं काम संपलं. मग पॉलिहाऊसं आली. गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची. पाइपांच्या कमानींवर प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, तोही असा की वाऱ्यात फडफडला नाही पाहिजे. भागुजीला ते जन्मापासून येत असल्यासारखं आलं. तळेगाव, मंचर, ओतूर करत करत तो फिटरांचा मुकादम झाला. आणि दोन हजार पाच साली एका फुलांच्या कंपनीनं विचारलं, इथिओपियाला जाणार का. तिथे डोंगरावर मोठी पॉलिहाऊसं उभी करायची होती.

इथिओपिया कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रत्नानं एवढंच विचारलं, "तिथं तिखट खात्यात का?"

ते भागुजीलाही माहीत नव्हतं. म्हणून तिनं काळा मसाला दिला, शेंगदाण्याची चटणी दिली, आणि लसणाची वेगळी.

बरोबर गावातलाच पप्पू होता. वरच्या आळीचा, जमीनदार घरातला, विशी-पंचविशीचा. शेतीत मन लागत नाही म्हणून फिटरकाम शिकलेला. गावात तो भागुजीला नुसतं 'भागू' म्हणायचा. त्याच्या घरात सगळेच म्हणायचे. विमान उडालं आणि पप्पूनं शेजारच्या सीटचा दांडा घट्ट धरून विचारलं, "भाऊ, हे असंच हलतं का ओ?" तेव्हापासून भाऊ झाला, तो झाला.

होलेटा नावाचं गाव. उंचावरचं, थंड. निलगिरीची झाडं, त्यातून सकाळचा धूर, आणि रस्त्यानं पांढरी उपरणी पांघरलेली माणसं आवाज न करता चाललेली. पहिले काही दिवस भागुजीला वाटत राहिलं की आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय. माती मात्र ओळखीची होती. ओली झाली की पायाला चिकटायची.

जेवण चिकटत नव्हतं. कॅम्पातला आचारी रोज मॅक्रोनी करायचा, पांढरी, गिळगिळीत, वर थोडं टोमॅटोचं पाणी. पाहुण्यांना तिखट सोसत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो बिचारा मन लावून जेवण फिकं करायचा. डबे लवकर संपले. शेवटी भागुजी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात मॅक्रोनी कालवून खायचा. पप्पू डब्याचं झाकण चाटायचा. मग तेही बेचव झालं.

पप्पू कमानीवर चढायला कंटाळू लागला. घरी जायचं म्हणू लागला. आईच्या हातची मासवडी आणि वरची लाल तर्री यावर तो इतकं बोलायचा की भागुजीला राग यायचा. राग येण्याचं कारण वेगळंच होतं. चिमाबाईच्या, म्हणजे पप्पूच्या आईच्या, मासवडीची गावभर ख्याती होती. भागुजीनं ती कधी खाल्ली नव्हती. त्यांच्या पडवीचे पाइप त्यानंच बसवले होते; तेव्हा चहा मिळाला होता, पडवीतच.

एका रविवारी दोघं उगाच चालत निघाले. निलगिरीची राई ओलांडली आणि भागुजी थांबला. नाक वर केलं.

कुणीतरी मिरची भाजत होतं.

पुढच्या क्षणाला दोघांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. पप्पू खोकत खोकत हसायला लागला. चैत्रात महाळुंग्याच्या आळीतून जाताना लागतो तोच ठसका, तसाच घशात बसणारा. भागुजी डोळे पुसायला थांबलाच नाही. धूर येत होता तिकडे चालत राहिला.

एक मातीचं घर. अंगणात चटईवर लाल मिरच्या पसरलेल्या. चुलीवर मोठा गोल तवा. चुलीशी पन्नाशीतली बाई. तिनं दोन परकी माणसं रडत रडत आपल्या दारात येताना पाहिली आणि काही न विचारता पाणी दिलं.

ती त्सेहाय. फुलांच्या शेतावरच्या मजुरांसाठी खानावळ चालवायची. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर, गिर्मा, तिथेच जेवत होता. त्याला इंग्रजी येत होतं आणि भागुजीला मोडकंतोडकं. गिर्मानं सांगितलं, तिच्या नावाचा अर्थ सूर्य. पप्पूनं तिथल्या तिथे तिला सूर्यामावशी करून टाकलं.

मावशीनं तव्यावर आंबवलेलं पीठ ओतलं, कडेपासून आत, गोल गोल. वर मोठं झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा खाली आंबोळीसारखी एक भाकरी होती, पण हातभर रुंद, राखी रंगाची, आणि तिच्या अंगभर बारीक भोकं. गिर्मा म्हणाला, आम्ही यांना डोळे म्हणतो. डोळे पडले पाहिजेत. डोळे नसले तर ती आंधळी भाकरी, कालवण धरत नाही.

ती भाकरी मोठ्या थाळ्यात पसरली. मधोमध लाल, दाट, रटरटतं काहीतरी ओतलं. भागुजीनं आधी सवयीनं भाकरीचा कोरडा तुकडा खाल्ला. आंबट. मग तुकडा त्या कालवणाला लावला.

तो खाली बघत राहिला.

"पप्पू," तो म्हणाला, "पिठलं हाये रं."

हरभऱ्याचं पीठ, लसूण, मिरची. मसाला निराळा, काहीतरी गोडसर वासाचं त्यात होतं, पण मागून चढणारा तो जाळ घरचाच. पप्पूनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग तिसऱ्यासाठी मोठा तुकडा तोडला. मावशीनं बाजूला अजून एक लाल भुकटी ठेवली. ती खाल्ल्यावर कान गरम झाले. भागुजीनं खिशात हात घातला. कित्येक दिवस खिसा रिकामा होता. मावशीनं ते पाहिलं असावं. तिनं कांदा भरलेली हिरवी मिरची आणून त्याच्यापुढे ठेवली.

बराच वेळ गेल्यावर भागुजीच्या लक्षात आलं की थाळा एकच आहे. त्याच्या समोरच्या बाजूनं तो खात होता, पलीकडून पप्पू, मधून गिर्मा. भाकरी लहान होत चालली होती आणि हात जवळ येत होते.

पप्पूच्याही ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. तो खात होता.

तेवढ्यात मावशी आली, थाळ्याशी वाकली, तिनं भाकरीचा चांगला मोठा तुकडा कालवणात बुडवून गुंडाळला आणि भागुजीच्या तोंडाशी आणला. भागुजीचा हात आपोआप आडवा झाला. तो मागे सरला.

पप्पू हसला. "काय भाऊ, लगीन लागलं का तुमचं?"

आपल्याकडे घास भरवतात तो लग्नात नवरानवरी, नाहीतर आई लेकराला. इथे रीत निराळी होती. गिर्मानं समजावलं, जो माणूस आवडला त्याला घास द्यायचा. नाकारायचा नसतो. मावशीचा हात अजून हवेत होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं उतरलं होतं.

भागुजीला वेगळीच भीती वाटली. हिला माहीत नाही. मी कोण ते हिला माहीत नाही, म्हणून ही हात पुढे करते आहे. न सांगता घास घेणं म्हणजे फसवणूक. सांगायला हवं. पण इंग्रजीत कसं सांगायचं? त्यानं गिर्माला सांगायचा प्रयत्न केला. आमच्या गावात माझ्या लोकांना दुसऱ्यांनी हातानं जेवण द्यायचं नसे. वरून टाकायचे.

गिर्मानं विचारलं, "का? तुला काही आजार आहे का?"

भागुजीनं विचार केला. खरोखर विचार केला.

"नाही," तो म्हणाला.

गिर्मानं मावशीला तसं सांगितलं. नाही म्हणतोय, आजार नाही. मावशी म्हणाली, मग तोंड उघड. आणि तिची बोटं त्याच्या ओठांना लागली. तिच्या हाताला धुराचा आणि मिरचीचा वास होता. घास इतका मोठा होता की बोलता येत नव्हतं. बरं झालं.

पप्पू आता हसत नव्हता. त्याला इंग्रजी सगळं कळलं नव्हतं. पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं.

मावशी म्हणाली, एका घासानं भागत नाही, एकानं भांडण होतं. आता तू दे. तिनं पप्पूकडे बोट केलं.

पप्पूनं घास केला. चांगला केला, कालवण जास्त लावून. हात पुढे नेला. भागुजीनं तोंड उघडलं नाही. त्यानं ओंजळ पुढे केली. आणि पप्पूचा हात त्या ओंजळीच्या वर वीतभर थांबला आणि त्यानं घास सोडला.

घास ओंजळीत पडला. कालवण मनगटावर उडालं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पप्पूचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं. त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. त्यानं आजीला असं देताना पाहिलं होतं, आणि भागुजीनं आपल्या आज्याला असं घेताना. एवढ्या लांब येऊन दोघांचे हात आपापल्या जागी गेले होते.

मावशीला यातलं काहीच कळलं नाही. तिला वाटलं, पोराला जमत नाही. तिनं पप्पूचं मनगट धरलं, नवा घास त्याच्या बोटांत दिला आणि तो हात, लहान मुलाला गिरवायला शिकवावं तसा, भागुजीच्या तोंडापर्यंत नेला.

परत येताना दोघं राईतून पुढेमागे चालले. कॅम्पाचं फाटक आलं तेव्हा पप्पू म्हणाला, "भाऊ, माझं ध्यान नव्हतं."

"म्हाईत हाये," भागुजी म्हणाला.

त्यानंतर पप्पूनं घरी जायचं नाव काढलं नाही. दर रविवारी दोघं ठसक्याच्या वाटेनं जायचे. मधल्या दिवसांत कागद ताणायचे. गुलाब आले. मावशीनं भागुजीला पीठ आंबवायला शिकवलं, तवा तापवायला शिकवलं, झाकण कधी ठेवायचं ते शिकवलं. भागुजी तव्याशी बसला की पप्पू म्हणायचा, "रत्नावैनीला फोटू धाडू का?" त्याला आता घास भरवायला आणि घ्यायला काही वाटेनासं झालं होतं. जेवताना तो बोलत बोलतच भागुजीच्या तोंडात घास कोंबायचा.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ते परत आले. मंचरच्या स्टँडवर उतरले. तिथून पप्पूच्या घरची जीप आली होती. भागुजीला ओढ्यापर्यंत सोडलं. पप्पूनं हात हलवला. जीप वरच्या आळीला गेली.

कुणी काही वाईट वागलं नाही. पप्पू भेटला की "भाऊ" म्हणायचा, चारचौघांतसुद्धा. स्टँडवर मिसळ एकत्र खायचे. पण रविवार आले आणि गेले. ओढा होता तिथेच होता.

भागुजीनं कधी विषय काढला नाही. रत्ना म्हणायची, जेवायला बोलवा की त्याला. तो म्हणायचा, "बोलवायचं म्हंजी काय. तिथं कुठं कुणी बोलवलं व्हतं? ठसका लागला, गेलो." पण त्याला एवढंच हवं होतं. बाकी गावानं काय करावं याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पप्पूनं एकदा ओढा ओलांडून यावं, एका थाळ्यात बसावं, एवढंच. येईल का, हे विचारलं तर उत्तर मिळालं असतं. त्या उत्तराची त्याला भीती होती.

म्हणून त्यानं तवा करायला घेतला. मंचरच्या भंगारवाल्याकडून जाड पत्र्याचा गोल आणला, हातभर रुंद. घासला, पाय वेल्ड केले. पप्पूला सांगितलं. पप्पू खूष झाला, म्हणाला, झाला की सांगा. आणि मग तवा होईना. आधी पाय हलत होते. मग कड टोचत होती. मग कामं आली. आभाळात ढग नसले तरी भागुजीला वेल्डिंगला पाऊस आडवा यायचा. रत्नाला कळत होतं. ज्यानं दुर्बिणी बांधल्या त्याला तवा बांधायला दोन वर्षं का लागतात, असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आत जायची.

पिठाचे प्रयोग मात्र चालले होते. भीमाशंकरच्या बाजूची नाचणी आणायची, थोडी ज्वारी, आंबवायचं, तव्यावर ओतायचं. चव जवळपास यायची. डोळे पडायचे नाहीत. वाफ कोंडली पाहिजे, आणि एवढ्या तव्यावर बसेल असं झाकण घरात नव्हतं. रत्नानं परात पालथी घालून पाहिली. परात लहान पडली.

"ती खोडदची आणा," ती म्हणाली.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये, एका गुरुवारी, मंचरला पप्पू भेटला. तवा झाकणावाचून अडलाय हे त्याच्या कानावर होतं. हातात पिशवी होती, घाईत होता. जाता जाता म्हणाला, "भाऊ, झाकणाचं काय झालं ओ? का मी म्हाताराच व्हायचा?"

भागुजी म्हणाला, व्हईल.

"रविवारी येतुया मी," पप्पू म्हणाला. "आईला सांगितलंय, भागूभाऊकडं जेवणारे, माझ्यासाठी थांबू नको."

भागुजीनं विचारलं, आई काय म्हणाली.

"काय म्हननार. म्हनली, रिकाम्या हातानं जाऊ नको. मासवडी दिती म्हनली."

भागुजी घरी आला तो पत्रा घेऊनच. चहा घेतला नाही. अंगणात पत्रा पसरला, दोरीला खडू बांधला, मधोमध खिळा धरला आणि गोल ओढला. दोरी ताणलेली होती. त्यानं ती एका बोटानं छेडली, मान तिरकी केली, आणि रत्नाकडे बघून हसला. मग कात्री घेतली. पत्रा जाड होता. अर्धं वर्तुळ कापून झालं तेव्हा दिवस मावळला, आणि भारनियमनात वीज गेली. तो म्हणाला, राहू दे, उरलेलं शनिवारी. आत जाऊन त्यानं नाचणीचं पीठ भिजवलं.

शुक्रवारी ओतूरच्या बाजूला एका पॉलिहाऊसचा कागद बदलायचा होता. अकराच्या सुमाराला तो कमानीवरून खाली उतरला. छातीत कळ येते म्हणाला. सावलीला बसला, पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत तो गेला होता. खिशात मिरची होती. एकेचाळीस वर्षांचा होता.

भागुजी गेल्याचं कळलं होतं, तरी ठरल्या रविवारी पप्पू आला. ओढा ओलांडून आला, हातात चिमाबाईनं दिलेला डबा घेऊन. घरात माणसं होती. तो अंगणातच बसला, तव्याशेजारी. आत पीठ फुगून भांड्याबाहेर आलं होतं. कुणाला ते टाकायचं सुचलं नव्हतं. आंबट वास अंगणापर्यंत येत होता.

समोर पत्रा पडला होता. त्यावर खडूचा गोल, अर्धा कापलेला. कात्री कापत आली होती तिथेच पत्र्यात अडकलेली होती.